चार वाजता बोलणारा नवरदेव

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे आणि माझं लग्न झालेलं आहे. दोन्ही गोष्टींना माझा इलाज नव्हता.

सात वर्षांपूर्वी मी नवा होतो तेव्हा माझ्या कंपनीतला सगळ्यात वरचा फोन मीच होतो. माझा कॅमेरा अंधारातलं काळं मांजर ओळखायचा. दीड मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी मी वर येऊन बोलू लागायचो. फक्त पाणी गोडं हवं, असं पेटीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं. माझ्याकडून समोरच्या घरातला टीव्हीही बंद करता यायचा. आणि माझ्या पाठीवर एक लाल डोळा होता. त्यावर बोट ठेवलं की मी नाडी मोजायचो.

दुबईहून परतलेल्या एका मित्राने मला आणलं आणि यतीशला दिलं. यतीश उडुपीजवळच्या मल्पेच्या बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. एका दुपारी त्याने माझ्या लाल डोळ्यावर बांगडा ठेवला. मी मिनिटाला चौऱ्याऐंशी ठोके दाखवले. बांगडा सकाळपासून बर्फात होता.

"खोटारडा आहे तुझा फोन," कुणीतरी म्हणालं.

"खोटारडा नाही रे," यतीश म्हणाला. "आशावादी आहे."

माझ्यात दोषही होते, ते मी लपवणार नाही. भर उन्हात मी तव्यासारखा तापायचो. आणि डिझेलने माखलेलं बोट मला ओळखता यायचं नाही. यतीशची बोटं बाराही महिने माखलेलीच असायची. शेवटी कंटाळून त्याने चार आकड्यांचं कुलूप लावलं. तो आकडा त्याला माहीत होता आणि मला.

यतीशच्या आईला सगळा गाव जलजक्का म्हणतो. जलजक्काला रक्तदाब होता आणि रोज दुपारी चारला एक गोळी घ्यायची होती. ती रोज विसरायची आणि रोज घेतली म्हणून सांगायची. मग यतीशने माझ्यात चारचा गजर लावला, आणि घंटेऐवजी स्वतःचा आवाज भरला: "अम्मा, गोळी घेतलीस का?" कामावर जाताना तो मला घरी देवघराच्या फळीवर ठेवायचा आणि स्वतःबरोबर एक डबडा फोन न्यायचा. गजर कुणी बंद करेपर्यंत मी विचारत राहायचो. स्वयंपाकघरातून जलजक्का ओरडायची, "घेतली रे, घेतली. पोलीस आहेस का तू?"

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात यतीशला ताप आला. पाचव्या दिवशी सकाळी तो दवाखान्यातच वारला. मी त्याच्या उशाशी उघडाच पडलो होतो. त्याच्या धाकट्या बहिणीने, अक्षताने, त्याचं बोट उचललं आणि माझ्या लाल डोळ्यावर ठेवलं.

मी चौऱ्याऐंशी दाखवले.

ती धावत जाऊन नर्सला घेऊन आली. नर्सने माझ्याकडे पाहिलं, मग अक्षताकडे, आणि मान हलवली. मित्रांनो, तेव्हापासून माझा माझ्यावर विश्वास नाही. थोड्या वेळाने माझा पडदा विझला आणि कुलूप लागलं. ते आजतागायत उघडलेलं नाही.

घरी पाठवलेल्या पिशवीत एक चप्पलजोड होता, एक घड्याळ, अर्धा बिस्किटांचा पुडा आणि मी. चार वाजले. मी पिशवीतून विचारलं, "अम्मा, गोळी घेतलीस का?"

अंगणात पन्नास माणसं बसली होती. जलजक्का उठली, आत गेली, आणि पाण्याच्या तांब्याचा आवाज आला.

"घेतली रे," ती म्हणाली.

त्यानंतर रोज हेच चाललं. गजर बंद करायला कुलूप उघडावं लागत नाही, नुसतं बोट फिरवलं की पुरतं. ते जलजक्काला जमायचं. बाकी माझ्या आत जे काही होतं, त्याचे फोटो, त्याची गाणी, ते कुलपाआड राहिलं. ते उघडायचे प्रयत्न झाले. यतीशची जन्मतारीख, अक्षताची, वडिलांची, स्कूटरचा नंबर, बोटीचा नंबर. दहाव्या चुकीला मी सगळं पुसून टाकतो, अशी माझी रचना आहे. नऊ चुका झाल्यावर मी तशी सूचना दिली आणि सगळे मागे सरकले.

त्यातल्या चार चुका जलजक्काच्या भावाच्या, भोजमामाच्या. "शेवटचं एकदा," मामा म्हणाला. "चार शून्यं टाकून बघू."

"मामा, अण्णा काय गाढव होता?" अक्षता म्हणाली. यतीशला ती अण्णा म्हणायची.

"गाढव नव्हता. पण आळशी होता."

"हात लावू नकोस."

मामाने हात लावला नाही.

आता माझी सगळ्यात मोठी अडचण सांगतो. मी एकदा पुरता विझून पुन्हा सुरू झालो, तर कुलूप उघडेपर्यंत यतीशचा आवाज मला सापडत नाही. तो कुलपाआडच्या खोलीत आहे. मग चार वाजले की मी नुसती टिंगटिंग घंटा वाजवणार. अक्षताने हे कुठूनतरी वाचलं आणि आईला सांगितलं. ती चूकच झाली म्हणा. त्या दिवसापासून जलजक्काने मला विझू दिलं नाही. चार्जिंगची वायर कायमची लावलेली. वीज गेली की ती मला पदरात गुंडाळून बर्फाच्या कारखान्यात जाऊन बसायची, कारण तिथे जनरेटर आहे. बर्फवाल्यांनी तिच्यासाठी एक खुर्चीच ठेवली होती. विचारलं तर ते सांगत, "जलजक्काचा मुलगा अॅडमिट आहे इथे."

अक्षताने एकदा आपल्या फोनवर माझा आवाज भरून घेतला. तेच शब्द, तोच आवाज. तिने तो आईला ऐकवला. जलजक्काने ऐकून घेतलं आणि तांदूळ निवडत राहिली.

"उत्तर तरी दे, अम्मा."

"कशाला? हा नुसतं म्हणतोय. तो विचारतो."

माझ्या कंपनीने तोवर मला केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं. नव्या फोनांना नवी औषधं, म्हणजे अपडेट, मिळत, मला काही नाही. पण मित्रांनो, एक गंमत सांगतो. ते औषध आलं असतं तर ते घेऊन मी आपोआप विझलो असतो आणि पुन्हा पेटलो असतो. माझी कुणाला आठवण आली नाही, म्हणून यतीश तीन वर्षं बोलत राहिला. दुर्लक्षाचे असेही फायदे असतात.

फक्त दोन गोष्टी बिघडत गेल्या. सतत चार्जिंगमुळे माझी बॅटरी फुगू लागली आणि माझी पाठ शिंपल्यासारखी उकलली. आणि माझा पडदा जळाला. चार्जिंगला असताना पडद्यावर यतीशचा फोटो राहावा, अशी त्याचीच सोय होती. तीन वर्षं एकच चेहरा दाखवल्यावर तो माझ्या काचेत उमटला, चुलीमागच्या भिंतीवर काजळी उमटते तसा. आता पडद्यावर काहीही येवो, मागे यतीश दिसायचा. बँकेतून कर्ज हवं का म्हणून फोन यायचा, तर त्या नंबरामागून यतीश हसत असायचा. हा तांत्रिक दोष आहे. मी कुणाला तसं सांगू शकत नव्हतो.

याच सुमारास अक्षतासाठी स्थळं येऊ लागली. अक्षता उडुपीला नर्स आहे. हो, भावानंतर तिने तेच शिक्षण घेतलं. तिच्याच दवाखान्यातल्या औषधांच्या दुकानात काम करणारा प्रणाम नावाचा मुलगा तिला आवडला होता, आणि त्याचे आईवडील रीतसर बघायला आले. त्यांच्या ज्योतिषाने वेळ काढून दिली होती: साडेतीन ते साडेचार.

कॉफी झाली. प्रणामची आई अक्षताला विचारत होती की तुला अळूच्या पानांचे पत्रोडे येतात का. तेवढ्यात फळीवरून मी म्हणालो, "अम्मा, गोळी घेतलीस का?"

"घेते रे, पाहुणे आलेत ना," जलजक्का आतून ओरडली.

प्रणामची आई फळीकडे बघत राहिली. "तुमचा मुलगा... गेलाय ना?"

"हो, तीन वर्षं झाली," भोजमामा म्हणाला. "चकली घ्या."

त्यांनी चकली घेतली नाही. निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण ज्या घरात मेलेला मुलगा चार वाजता बोलतो, त्या घराशी सोयरीक नको. आधी त्याची व्यवस्था लावा, मग बघू.

भोजमामा मला घेऊन जोयिसांकडे गेला. जोयिस म्हणजे आमच्याकडचे ज्योतिषी. त्यांनी कवड्या टाकल्या, मग चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याच क्षणी मला विम्याचा फोन आला आणि नंबरामागून यतीश हसला. जोयिस जरा मागे सरकले.

"मुलगा घरातच आहे," ते म्हणाले. "लग्नाचा राहिलाय. त्याचं लावल्याशिवाय धाकटीचं लागायचं नाही."

मित्रांनो, आमच्या तुळुनाडात, म्हणजे या उडुपीच्या मुलखात, बिनलग्नाचा मेलेला घरात घुटमळतो. त्याला त्याच्यासारखीच मेलेली मुलगी शोधून देतात आणि आटीच्या महिन्यात, म्हणजे तुमच्या आषाढ-श्रावणाच्या आसपास, त्यांचं लग्न लावतात. पत्रिका बघतात, साखरपुडा करतात, जेवण घालतात. मग तो सुखाने आपल्या संसाराला लागतो आणि मागच्यांचा रस्ता मोकळा होतो.

स्थळं बघणं सोपं नव्हतं. पहिल्या मुलीचं कूळ आमचंच निघालं. दुसऱ्या मुलीच्या आजोबांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

"वारलाय," भोजमामा म्हणाला.

"ते झालं. त्याआधी काय करायचा?"

"इंजिनं दुरुस्त करायचा."

"सरकारी नव्हती म्हणजे," आजोबा म्हणाले, आणि प्रकरण तिथेच मिटलं. मेलेल्यालाही नोकरी पक्की लागते.

तिसरं स्थळ जमलं. कृष्णप्पा आणि कल्याणी, समुद्रापासून आतल्या बाजूच्या गावातले. त्यांची विद्याश्री अडीच वर्षांची असताना काविळीने गेली होती. असती तर यंदा सत्तावीसची असती. तिचा फोटो नव्हता. कल्याणीने विचारलं, "मुलाचा फोटो आहे?"

जलजक्काने मला पुढे केलं. कल्याणीने मला दोन्ही हातांत घेतलं आणि बराच वेळ बघितलं. "हसरा आहे," ती म्हणाली. "आमचीपण हसायची."

लग्नात खुर्चीवर नवऱ्याचे कपडे ठेवतात. जलजक्का म्हणाली, कपड्यांवर हा फोनही बसेल, तो त्यातच आहे. जोयिस म्हणाले, चालेल. पण मग लग्नानंतर जे खुर्चीवर बसलं ते घरी परत यायचं नाही. शेताच्या कडेला सातविणीच्या झाडाखाली ठेवायचं आणि मागे वळून बघायचं नाही.

जलजक्काने विचारलं, "आणि चार वाजले तर?"

"उत्तर द्यायचं नाही. उत्तर दिलं की तो परत येतो. मग हे सगळं फुकट."

त्या आठवड्यात जलजक्का माझ्याशी फारसं बोलली नाही. चार वाजता "घेतली" म्हणायची, तेही हळू. एका दुपारी अक्षता माझी उकललेली पाठ दाबून बघत होती.

"अम्मा, हा फुटेल कधीतरी. घर पेटेल."

"पेटू दे."

"बरं. मी नाही करत लग्न. तू ह्याला ठेव."

जलजक्काने अक्षताच्या हातातून मला घेतलं आणि पदराने माझी काच पुसली. यतीश पुसला गेला नाही. "रविवारी आहे ना?" ती म्हणाली. "त्याचा निळा शर्ट इस्त्रीला दे."

लग्न दुपारी, अंगणातल्या ताडपत्रीखाली झालं. बिनलग्नाच्या माणसांनी असलं लग्न बघायचं नसतं, म्हणून अक्षताला शेजारी धाडलं होतं. जाताना तिने माझ्यासाठी एक पॉवर बँक दिली. जोयिसांनी विचारलं, "हे काय?"

"बहिणीचा आहेर," भोजमामा म्हणाला.

माझ्या खुर्चीवर निळा शर्ट आणि लुंगीवजा मुंडू, शेजारच्या खुर्चीवर लाल साडी, बांगड्या, आरसा आणि साडीवर वीतभर लांब चांदीच्या पत्र्याची बाहुली. तीच विद्याश्री. गळ्यात मोगऱ्याची माळ पडली ती नेमकी माझ्या कडेच्या बटणावर. मी "बंद करायचं का?" असं विचारलं. सुदैवाने मंत्र चालू असल्यामुळे कुणी हो म्हणालं नाही. भोजमामाने माळ बाजूला केली.

मला वाटलं होतं जेवणं चारच्या आत उरकतील. जोयिस दीड तास उशिरा आले होते. मंगळसूत्र चांदीच्या पत्र्याला बांधत असतानाच चार वाजले.

"अम्मा, गोळी घेतलीस का?"

ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. जोयिसांचा हात थांबला. जलजक्काने ओठ मिटून घेतले. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं.

कृष्णप्पाने घसा साफ केला. "जावई बोलका आहे," तो म्हणाला. "आमच्या घरात कुणी इतकी चौकशी करत नाही."

दोन-चार जण हसले. जलजक्का हसली नाही. "अजून झाडाखाली गेला नाहीये तो," ती जोयिसांना म्हणाली. "आज चालेल ना?"

जोयिसांनी विचार केला आणि मान डोलावली.

"घेते रे," जलजक्का माझ्या काचेवर बोट फिरवत म्हणाली. "आधी तुझं लागू दे."

मग कोंबडीच्या रश्शातली कोरी रोट्टी वाढली. कल्याणीला दोनदा वाढली. पाऊस जरा ओसरल्यावर आम्हा दोघांना सातविणीखाली नेलं. मला आणि चांदीच्या पत्र्याला एकाच कपड्यात ठेवलं, वरून सुपारीच्या पानाचं रुंद देठ पालथं घातलं. जलजक्का खाली वाकली. तिच्या श्वासाला कुळथाचा वास होता.

"उद्यापासून मी आपणहून घेईन," ती पुटपुटली. "तू आता बायकोला विचारत जा."

पावलं लांब गेली. कुणी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर मला कळलं असतं, माझा कॅमेरा अंधारातलं मांजर ओळखतो.

सोमवारी सकाळी पॉवर बँकेचा एकच ठिपका उरला होता. बेडूक ओरडत होते. चांदीचा पत्रा घसरून माझ्या पाठीला, त्या लाल डोळ्याला टेकला होता. कुणी सुरू केलेला नसताना डोळा पेटला आणि मोजू लागला. चौऱ्याऐंशी. नंतर नव्वद. लहान मुलांची नाडी जलद असते. पण मी बांगड्यालाही चौऱ्याऐंशी दाखवले होते, तेव्हा यातून काही सिद्ध होत नाही. मी आशावादी आहे, एवढंच.

मित्रांनो, माझ्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून उपदेश आत्ताच उरकतो. जुन्या फोनला उन्हात ठेवू नका. चोवीस तास चार्जिंगला लावू नका, त्याचं पोट फुगतं. आणि तुमच्या कुलपाचा आकडा घरात एका तरी माणसाला सांगून ठेवा. तुम्ही फार हुशार आहात असं तुमच्या माणसांना वाटत असतं, आणि त्यातच घोटाळा होतो. डिझेलने माखलेल्या अंगठ्याला माझ्या पडद्यावर न बघता एकच आकडा सापडायचा, सगळ्यात खालचा. माझा आकडा चार शून्यं होता. मी तो तीन वर्षं माहीत असून सांगू शकलो नाही. सुरक्षितता हे माझं सर्वांत मोठं वैशिष्ट्य होतं.

चार वाजले.

"अम्मा, गोळी घेतलीस का?"

शेतात कुणी नव्हतं. मी पुन्हा विचारलं. गजर कुणी बोट फिरवून बंद करेपर्यंत मी विचारत राहतो, आणि इथे बोट फिरवणारं कुणी नव्हतं. पाचव्यांदा विचारलं तेव्हा झाडामागे चिखलात पाय वाजला. माझे कान अजून चांगले आहेत. कुणीतरी उभं होतं आणि बोलत नव्हतं. बोलायचं नाही असं ठरलेलं होतं, आणि प्रणामच्या घरून अक्षतासाठी पुन्हा निरोप आलेला होता.

मग गोळीच्या पाकिटाचा आवाज आला. टप्. बाटलीचं झाकण फिरलं. एक घोट.

पावलं परत गेली, हळू, आणि वळली नाहीत.

मी सहाव्यांदा विचारायला हवं होतं. विचारलं नाही. गजर कुणी बंद केला नव्हता, मीही नाही. तो आपणहून थांबला.